मेन स्ट्रीट, लष्कर, पुणे १ : एका पायी फेरीचा अनुभव

ज्या रस्त्यावर मी पंचवीस वर्षं टपाल वाटलं, त्याच रस्त्याची गोष्ट ऐकायला मागच्या महिन्यात चारशे रुपये भरून गेलो. सुनेनं मोबाइलवर नाव नोंदवून दिलं. रविवारी सकाळी सात वाजता मोलेदिना रोडवरच्या लाल देवळापाशी, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरापाशी, जमायचं, मेन स्ट्रीट धरून निघायचं, मध्ये मध्ये ईस्ट स्ट्रीटला जाऊन यायचं आणि पुलगेटला पोचायचं. सव्वादोन तासांत फेरी संपते. पहिल्या वेळी घरी आलो तो नाराज होऊनच आलो. तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो. दोन्ही वेळचं लिहितो, कारण नुसतं पहिल्या वेळचं लिहिलं असतं तर त्या मुलांवर अन्याय झाला असता.

फेरी काढणारी तिघं आहेत, सगळी तिशीच्या आतली. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. जे चुकलं ते मी समोरासमोर सांगितलं आणि त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. तेच आता नाव घेऊन चारचौघांत पुन्हा सांगणं मला बरं वाटत नाही.

थोडं माझ्याबद्दल, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. १९८१ साली मी जीपीओत, म्हणजे पुण्याच्या मुख्य टपाल कचेरीत, पोस्टमन म्हणून लागलो. २००६ पर्यंत बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या भागात टपाल वाटायला, होतो. मग गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून आत सॉर्टिंगला घेतलं आणि २०१९ साली निवृत्त झालो. मेन स्ट्रीटचा मधला तुकडा आणि त्याला फुटलेल्या गल्ल्या माझ्या बीटमध्ये होत्या. सुरुवातीच्या वर्षांत दिवसाला दोन डिलिव्हऱ्या असत. सकाळी खणांत टपाल लावायला बसलो की हा एकच रस्ता वेगवेगळी नावं घेऊन हातात यायचा. विलायतेहून आलेल्या एरोग्रामवर, म्हणजे हवाई टपालाच्या घडीच्या पत्रावर, ‘मेन स्ट्रीट, पूना कॅम्प’. सरकारी लखोट्यावर ‘महात्मा गांधी मार्ग, पुणे ४११००१’. बँकांच्या पाकिटांवर ‘एम. जी. रोड’. सातारा-कोल्हापूरकडच्या कार्डावर ‘मेन ष्ट्रीट, लष्कर, पुणे १’. उत्तरेकडून कामगारांना येणाऱ्या आंतर्देशीय पत्रांवर ‘गांधी रोड, छावनी’. सगळं टपाल एकाच खणात जायचं, आणि कधी कधी एकाच दुकानात. रस्त्याचं जुनं नाव लिहिलं म्हणून मी एकही पत्र परत पाठवलेलं नाही. ‘अपुरा पत्ता’ असा शेरा मारायचा तो घराचा नंबर नसला, माणसाचं नाव लागत नसलं तर. रस्त्याला दोन नावं असली म्हणून पत्ता अपुरा होत नाही.

हे सगळं मनात घेऊन मी त्या रविवारी लाल देवळापाशी उभा होतो. आम्ही पंधरा जण. सांगणारी मुलगी पंचविशीची, गळ्यात लहानसा स्पीकर, आवाज खणखणीत आणि शब्द स्वच्छ. सकाळी सातची वेळ निवडली हे त्यांनी फार चांगलं केलं. दहा वाजून गेले की या रस्त्यावर शेजारच्याचंही बोलणं ऐकू येत नाही. एका जागी दहा मिनिटांपेक्षा जास्त उभं करत नाहीत, त्यामुळे माझ्यासारख्या दुखऱ्या गुडघ्यांनाही झेपलं.

सुरुवात तिनं उत्तम केली. ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई, मग बारा दिवसांनी शहराचा ताबा आणि शनिवारवाड्यावर चढलेलं इंग्रजांचं निशाण. त्यानंतर शहरापासून जरा लांब, पूर्वेला, बसवलेली छावणी. छावणीची मांडणी ठरलेली असते: फौजेच्या लाइनी, साहेबांचे बंगले, आणि या दोघांना लागेल ते पुरवणारा सदर बाजार. मेन स्ट्रीट हा त्या सदर बाजाराचा मुख्य रस्ता. मराठी माणसाच्या तोंडी या सगळ्या भागाला एकच नाव होतं, लष्कर. माझी आई शेवटपर्यंत ‘कॅम्प’ म्हणाली नाही. तिला मी ‘लष्करात नोकरीला’ होतो, आणि त्यामुळे गावाकडे काही जणांचा समज असा की मी शिपाई आहे, सीमेवर असतो.

मग त्या मुलीनं एक गोष्ट सांगितली जी मला इतक्या वर्षांत सुचली नव्हती. ती म्हणाली, इथली जुनी नावं बघा: फौजेला धान्य पुरवणाऱ्या मोद्यांची वस्ती म्हणून मोदीखाना, पिराचा दर्गा म्हणून साचापीर स्ट्रीट, ज्यूंचं प्रार्थनामंदिर म्हणून सिनेगॉग स्ट्रीट, मधून जाते ती सेंटर स्ट्रीट आणि पूर्वेची ती ईस्ट स्ट्रीट. यातली बरीचशी नावं कुणाचा मान म्हणून ठेवलेली नाहीत. जे आहे तेच सांगतात. मेन स्ट्रीटसुद्धा त्यातलंच. आपल्याकडे गावात थोरली आळी असते, तशी ही लष्करातली थोरली आळी. मी खणात हजारो वेळा ती पाकिटं लावली, पण या नजरेनं कधी पाहिलं नव्हतं. एवढ्यासाठी चारशे रुपये वसूल झाले असं मी तेव्हाच मनात म्हटलं.

आणि लगेच पुढच्या कोपऱ्यावर ती म्हणाली, “आता पाटीवर महात्मा गांधी रोड आहे. देशात प्रत्येक गावात एक असतो तसा इथेही. गांधीजींचा या रस्त्याशी काही संबंध नाही. खरं नाव मेन स्ट्रीटच.” सगळ्यांनी माना डोलावल्या, दोघांनी पाटीचा फोटो काढला आणि मंडळी पुढे निघाली.

मला ते लागलं. मी तिथे मध्ये बोललो नाही. दुसऱ्याच्या फेरीत आपण मास्तरकी करू नये. पण पुढचा तासभर माझं निम्मं लक्ष त्या एका वाक्यात अडकलेलं होतं. शेवटी सगळे इराणी हॉटेलात बनमस्का घ्यायला बसले, तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

“बाळ, आपण फेरी कुठून सुरू केली?”

“लाल देवळापासून, काका.”

“कुणी बांधलं ते?”

“डेव्हिड ससून. १८६७. मी सांगितलं की मघाशी.”

“सांगितलंस, आणि बरोबर सांगितलंस. त्याच ससूनच्या पैशांतून अजून काय उभं राहिलं?”

“ससून हॉस्पिटल.” एवढं म्हणून ती थांबली. हुशार मुलगी आहे, आपलं काहीतरी सुटलंय हे तिला तिथेच कळलं.

मी तिला जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहितो, कारण अशा फेरीला जाणाऱ्यांना हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. १८ मार्च १९२२ ला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना येरवड्याच्या तुरुंगात ठेवलं. जानेवारी १९२४ मध्ये त्यांचं अपेंडिक्स बळावलं, तेव्हा तुरुंगातून त्यांना ससूनला आणलं. १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जननं शस्त्रक्रिया केली. त्याआधी भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून घेतलं होतं. शस्त्रक्रियेला आपली संमती आहे, डॉक्टरांवर विश्वास आहे, असं निवेदन गांधीजींनी त्यांना सांगून लिहून घेतलं आणि खाली सही केली. वादळी रात्र होती. शस्त्रक्रिया चालू असतानाच वीज गेली, टॉर्चही दगा देऊन गेली आणि शेवटचं काम कंदिलाच्या उजेडात पुरं झालं. ५ फेब्रुवारीला सरकारनं त्यांना सोडलं. ती खोली ससूनमध्ये आजही जपून ठेवली आहे. मेन स्ट्रीटवरून ससूनला सायकलनं जायला मला दहा मिनिटं लागायची.

पुढे १९३२. पुन्हा येरवडा, २० सप्टेंबरला सुरू झालेलं उपोषण आणि २४ सप्टेंबरचा पुणे करार. बाबासाहेबांच्या आणि गांधीजींच्या त्या वाटाघाटींसाठी देशभरातले पुढारी पुण्यात येऊन राहिले होते. त्या कराराबद्दल आजही लोकांच्या मनात राग आहे, आणि तो का आहे हेही फेरीत सांगायला हवं. मग ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत अटक, गाडीतून चिंचवड स्टेशनावर उतरवून मोटारीनं आगाखान पॅलेस. तिथे सहाच दिवसांत महादेवभाई देसाई गेले. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. दोघांच्या समाध्या तिथेच आहेत. ६ मे १९४४ ला गांधीजी तिथून बाहेर पडले, आणि तो त्यांचा शेवटचा तुरुंगवास ठरला.

म्हणजे देशातल्या बाकीच्या महात्मा गांधी रस्त्यांचं काय असेल ते असो, पुण्याच्या छावणीतल्या या रस्त्याचं तसं नाही. गांधीजींच्या आयुष्यातली कितीतरी वर्षं या लष्कराच्या आसपास, इंग्रजांच्या पहाऱ्यात गेली. आणि इंग्रज फौजेच्या छावणीतल्या मुख्य रस्त्याला, जिथे साहेब लोक संध्याकाळी खरेदीला यायचे, त्या फौजेच्या सरकारनं पुन्हा पुन्हा कैद केलेल्या माणसाचं नाव स्वातंत्र्यानंतर दिलं गेलं. ज्यांनी दिलं त्यांना त्याचा अर्थ नक्कीच ठाऊक असणार. ‘काही संबंध नाही’ म्हटलं की हा सगळा अर्थ पुसला जातो. शिवाय हे नाव देताना कुणाचं नाव काढून घ्यावं लागलं नाही, कारण मेन स्ट्रीट हे कुणाचं नाव नव्हतंच. हे तर तिनंच मला तासाभरापूर्वी शिकवलं होतं.

तिनं वही काढून सगळं लिहून घेतलं. तारखा दोनदा विचारल्या.

आता बाकीच्या फेरीबद्दल. ईस्ट स्ट्रीटचा भाग मला सगळ्यात आवडला. ही गल्लीही आता कागदोपत्री जनरल थिमय्या रोड आहे. थिमय्या १९५७ ते १९६१ लष्करप्रमुख होते आणि १९६५ साली सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचं नेतृत्व करत असताना गेले. हे तिनं थोडक्यात आणि नेमकं सांगितलं. व्हिक्टरी थिएटरसमोर उभं राहून कॅपिटॉल बॉम्बची हकिगत सांगितली. तेव्हा थिएटरचं नाव कॅपिटॉल होतं. २४ जानेवारी १९४३ ला गोऱ्या सैनिकांची गर्दी असताना तिथे बॉम्बस्फोट झाला आणि त्यात गोरे सैनिक मारले गेले. आमच्यातले दोघं तिघं कॅम्पात वाढलेले होते, त्यांनाही हे माहीत नव्हतं. इथे मी तिला एकच जोड सुचवली: त्या दिवशी गांधीजी आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते, आणि त्यानंतर सतराच दिवसांनी, १० फेब्रुवारीला, त्यांनी तिथे एकवीस दिवसांचं उपोषण सुरू केलं. बॉम्ब ठेवणारी तरुण मुलं आणि उपास करणारा म्हातारा एकाच सरकारविरुद्ध उभे होते, आणि त्या मुलांचा मार्ग म्हाताऱ्याला मान्य नव्हता. थिएटर ईस्ट स्ट्रीटवर, म्हाताऱ्याचं नाव शेजारच्या रस्त्याला. दोन समांतर रस्त्यांवर ही गोष्ट सांगता येते, मग ती तुकड्यांत का सांगायची?

बाबाजान चौकही फेरीत आहे. हजरत बाबाजान या सूफी संत कडुलिंबाखाली बसायच्या, १९३१ साली त्या गेल्या, दर्गा झाला, आणि चौकाला त्यांचं नाव लोकांच्या तोंडूनच चिकटलं. इथेच १९१३ साली कॉलेजात जाणाऱ्या मेरवान इराणींना, म्हणजे पुढच्या मेहेरबाबांना, त्या भेटल्या. मुलीनं हे भक्तिभावानं पण भडक न करता सांगितलं. मला आवडलं.

शिवाजी मार्केटकडे मात्र नुसतं बोट दाखवून पुढे गेले. कारण विचारलं तर वेळ नाही. इथे वेळ काढायलाच हवा. हे पूर्वीचं कॅनॉट मार्केट, राणीच्या मुलाचं नाव असलेलं, एकोणिसाव्या शतकातल्या ऐंशीच्या दशकातलं. मार्च २०२१ मध्ये आगीनं त्याचं मोठं नुकसान झालं. कॅनॉट मार्केट उभं राहिलं त्याच सुमारास शहरात रे मार्केट उभं राहिलं, तेही गव्हर्नराच्या नावाचं. आचार्य अत्रे नगरपालिकेत होते तेव्हा, म्हणजे स्वातंत्र्य मिळायच्या आधीच, त्याची महात्मा फुले मंडई झाली, आणि भांबुर्ड्याचं शिवाजीनगर झालं तेही त्यांच्याच पुढाकारानं. एक नाव शहरात बदललं, एक छावणीत. दोन्हीकडे लोकांनी नवं नाव घेतलं, पण आपापल्या पद्धतीनं. आज कुणी ‘फुले मार्केटला जातो’ म्हणत नाही, ‘मंडईत जातो’ म्हणतात. शिवाजी मार्केटला मात्र सगळे शिवाजी मार्केटच म्हणतात आणि कॅनॉट हे नाव कुणालाच आठवत नाही. माझं जीपीओ ज्या रस्त्यावर आहे तो कॅनॉट रोड साधू वासवानींचा झाला. ते त्याच रस्त्यावर राहिले, १९६६ साली गेले, त्यांचं मिशन तिथेच आहे. ते नावही पक्कं बसलं. मेन स्ट्रीट एवढं टिकलं ते का, हा खरा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. मला वाटतं, कॅनॉट हा माणूस होता आणि तो गेला. मेन स्ट्रीट मात्र अजूनही मेन आहे. जोवर रस्ता मुख्य आहे तोवर वर्णन खोटं ठरत नाही, म्हणून ते तोंडातून जात नाही. आणि महात्मा गांधींचं नाव तर पुलगेटच्या बस स्थानकालाही आहे. कंडक्टर ‘पुलगेट, पुलगेट’ ओरडतो, पण तिकिटाच्या, पाटीच्या, पत्त्याच्या कामी ते नाव रोज चालतं. दोन्ही नावं आपापल्या कामावर आहेत.

माझी सगळ्यात मोठी तक्रार वेगळीच आहे. फेरीत इमारती फार आणि माणसं कमी. मी वाटलेल्या टपालावर पारशी, इराणी, बोहरी, गोवेकर, सिंधी, तमिळ, मारवाडी, बेने इस्रायली, मराठी, सगळी नावं असायची. डिसेंबरात पिशवी उचलवत नसे. नाताळची कार्डं दहा तारखेपासून सुरू व्हायची ती नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. ३१ डिसेंबरला संध्याकाळी या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, पण आमची दुपारची डिलिव्हरी त्याआधी संपलेली असायची. केकचा तुकडा खाल्ल्याशिवाय काही घरं सोडत नसत.

त्यातल्या एका घराची गोष्ट सांगतो. गल्लीत पहिल्या मजल्यावर एक गोवेकर बाई राहायच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांची बहीण लंडनला. दर महिन्याला एक एरोग्राम, पत्ता कायम ‘ऑफ मेन स्ट्रीट, पूना’. पूनाचं पुणे झालं, पिनकोड येऊन जुना झाला, बहिणीनं काही बदललं नाही. एकदा बाईंनी मला विचारलं, “हे असं लिहिलेलं तुम्हाला चालतं ना? तिला सांगू का नवीन लिहायला?” मी म्हटलं, “बाई, तुमच्या बहिणीचं अक्षर आम्ही सगळे ओळखतो.” मग एका वर्षी लंडनचंच, पण छापील पाकीट आलं. त्यावर ‘एम. जी. रोड, पुणे ४११००१’. बाईंनी ते हातात घेतलं, उलटून पाहिलं आणि परत माझ्यापुढे धरलं. म्हणाल्या, “हे माझं नाही.” नाव त्यांचंच होतं. पाकीट भाच्याचं होतं, बहीण गेल्याचं कळवणारं. मी जिन्यातच उभा राहिलो. त्यांनी ते तिथेच फोडलं.

रस्त्याचं नाव बदलणं म्हणजे काय, ते मला त्या जिन्यात कळलं. नवं नाव बरोबर होतं, पत्र बरोबर घरी पोचलं. पण जुनं नाव कुणाच्या तरी हातचं होतं. नामांतराच्या बाजूचे आणि विरोधातले लोक भांडतात तेव्हा मला दोन्हीकडचे अर्धेच बरोबर वाटतात. फेरीत असं काहीतरी यायला हवं. इथे पन्नास-साठ वर्षं दुकान चालवणारी माणसं अजून आहेत, पण रविवारी सकाळी सातला सगळी शटर बंद. महिन्यातून एक फेरी तरी आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुकानं उघडताना काढा, असं मी सुचवलं. रहदारीचा आवाज होईल, होऊ दे.

दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा सुनेलाही घेऊन गेलो. मुलीनं मला ओळखलं, पण मुद्दाम काही बोलली नाही. लाल देवळापाशी उभी राहून तिनं डेव्हिड ससूनपासून सुरुवात केली, तिथून ससून हॉस्पिटल, तिथून १९२४ ची ती रात्र. कंदिलापर्यंत आली तेव्हा सगळे गप्प होते. नाक्यावर पाटीखाली ‘खरं नाव’ हे शब्द तिनं वापरले नाहीत. म्हणाली, “या रस्त्याला दोन नावं आहेत, आणि दोन्ही नावांना कारण आहे.” व्हिक्टरीसमोर आगाखान पॅलेसचा उल्लेख आला. एक चूक तिनं केली, थिमय्यांचं साल पुढेमागे झालं, पण परत येताना स्वतःच दुरुस्त केली. शिवाजी मार्केटला या खेपेस आत वळलो, सात-आठ मिनिटं थांबलो. मोठी सुधारणा आहे ही. आता मला विचाराल तर जरूर जा म्हणेन. पाच पैकी चार देईन, आणि पहिल्या वेळी अडीच दिले असते.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. वाटेत स्वच्छतागृहाची सोय थेट इराणी हॉटेलात, म्हणजे पावणेदोन तासांनी. ज्येष्ठांनी घरून निघतानाच लक्षात ठेवा. सायकल किंवा गाडी लाल देवळापाशी लावलीत तर पुलगेटहून परत यावं लागतं, त्यापेक्षा बसनं या. मुलांना न्यायचं तर दहा वर्षांच्या पुढच्या न्या, लहान मुलं कंटाळतात.

एक गोष्ट राहिली. बनमस्क्याच्या टेबलावर तिनं पहिल्या वेळी मला विचारलं होतं, “काका, तुमच्याकडे असं एखादं जुनं पाकीट आहे का, मेन स्ट्रीट लिहिलेलं? लोकांना दाखवता येईल.” मी सांगितलं, लोकांचं टपाल पोस्टमनकडे राहत नसतं. पण घरी आल्यावर चैन पडेना. पाच कोरी पोस्टकार्डं घेतली आणि आठवतं त्या पद्धतीनं पाच पत्ते लिहिले: एक इंग्रजी वळणाचा, एक सरकारी, एक बँकेचा, एक आमच्या सातारा-कोल्हापूरकडचा ‘ष्ट्रीट’वाला, एक ‘छावनी’वाला. माणसांची नावं आणि घरांचे नंबर लिहिले नाहीत. दुसऱ्या फेरीला ती कार्डं तिच्या हातात दिली. तिनं ती लगेच सगळ्यांमध्ये फिरवली. एका शाळकरी मुलानं पाचही कार्डं ओळीनं लावली आणि विचारलं, हे पाच वेगळे रस्ते का?

नकाशा मात्र अजून जुनाच देतात. त्यावर नुसतं ‘एम. जी. रोड’ छापलंय, तेही फक्त इंग्रजीत, आणि ईस्ट स्ट्रीटला थिमय्यांचं नाव नाही. नवा छापतो म्हणाले आहेत. हातात आला की इथेच कळवीन.